दोनशे शब्दांचा खुलासा

हलमधले टेलिफोनचे खोके लाल नसतात,
सायीच्या रंगाचे असतात.
तसल्याच एका खोक्याशेजारच्या दुकानात
कानात बाळी घातलेला पोरगा मला म्हणाला,
सॉरी, तुमच्या नावापुढे काहीच दिसत नाही,
मोबाइल हप्त्यानं देता येणार नाही.
मी म्हटलं, दिसेल कसं?
एकोणीस वर्षं मिरजेत रात्रपाळ्या केल्या,
कुणाची पै ठेवली नाही.
तो म्हणाला, तेच तर.

तेच तर.
मिरजेत माझी पत म्हणजे
बाबूशेठनं वहीत न लिहिता दिलेला तेलाचा डबा.
पतपेढीत जामीन हवा असला
की बायका आधी माझ्याच दारात.
इथे पत म्हणजे आकडा,
नऊशे नव्याण्णवपैकी.
माझा तर शून्यही नव्हता.
शून्याला निदान गोल काढावा लागतो.

वॉर्डातल्या डोरीननं चहाच्या सुट्टीत शिकवलं :
मतदार यादीत नाव घाल.
घर सारखं बदलू नकोस.
छोटं कार्ड घे, दोनशे पौंडांचं,
दूध, पाव, बसचा पास, बास.
आणि महिन्याला सगळं फेड. थोडं नाही. सगळं.
अंथरूण पाहून पाय पसरणारी मी,
वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी
अंथरूणच उसनं आणायला शिकले.

काउन्सिलचं पाकीट आलं,
उज्ज्वला म्हेत्रे, कुठलंही अक्षर न गाळता.
ते मी फ्रिजवर चिकटवलं.
मग आकडा आला. चारशे बारा.
कमी दिवसांच्या बाळांचं वजन करते मी रोज,
वीस ग्रॅम वाढले तरी आईला उठवून सांगते.
तसाच हा. चारशे चाळीस. पाचशे तीन.
पैसे आपोआप वळते करायची सोय होती,
पण दर महिन्याला ते बटण
स्वतः दाबायला मला आवडायचं.

फेब्रुवारीत आई गेली.
हंबरसाइडहून ॲमस्टरडॅम, तिथून मुंबई,
पुढे रात्रभर गाडी.
पोचले तेव्हा अंगण धुऊन झालं होतं.

अकरा पौंड चाळीस पेन्स.
एवढंच राहिलं होतं कार्डावर.

दहाव्याला कावळा शिवला,
तेराव्याला गोडाचं झालं,
सुतक फिटलं.
ही नोंद सहा वर्षं राहील,
असं फोनवरची बाई म्हणाली.
मग जरा थांबून म्हणाली,
तुम्हाला खुलासा जोडता येईल.
दोनशे शब्दांपर्यंत.
तुमची फाइल जो उघडेल, तो वाचेल.

पैसे तर मी त्याच दिवशी भरले होते.
रात्रपाळीहून आले, बूट न काढता बसले लिहायला.
लिहिलं, की माझी आई कधी बँकेत गेली नाही.
लिहिलं, की शेजारून वाटीभर साखर आणली
तर ती वाटी रिकामी परत जायची नाही,
काहीच नसलं तर दोन पेरू,
पेरू नसले तर अबोलीचा गजरा.
लिहिलं, की ती गेली तेव्हा
गल्लीतल्या चार घरांत तिच्या वाट्या होत्या
आणि चारही जणी त्या घेऊन आल्या, भरून.
मोजले. दोनशे सदतीस.

वाटी खोडली. पेरू खोडले.
गल्ली खोडली.
आई ठेवली, तारीख ठेवली,
विमानाच्या तिकिटाचा नंबर ठेवला.
एकसष्ट शब्द झाले. पाठवून दिले.

एकशे एकोणचाळीस शिल्लक आहेत.
ते कुठे भरायचे मला ठाऊक नाही.

ओट्यावर डोरीनचं काचेचं भांडं आहे,
मी परत आले त्या रात्री
ती त्यात बटाट्याचं काहीतरी घेऊन आली होती.
घासून ठेवलंय. तीन आठवडे झाले.
याची तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही.

झोप नंतर. आधी रवा भाजायला घेते.